मनगट मोडलं, त्याला मात्र एकच फाउल: हा न्याय झाला का?

प्रश्न साताऱ्याच्या एका कॉलेज बास्केटबॉल खेळाडूचा आहे. थोडक्यात सांगतो. फास्ट ब्रेकवर, म्हणजे वेगाने केलेल्या चढाईत, हा एकटाच रिंगकडे निघालेला, ले-अपला (रिंगजवळून चेंडू टाकायला) उडाला आणि मागून आलेल्या मुलाने खांद्याला धरून खाली ओढलं. सिमेंटच्या कोर्टवर हातावर पडला, मनगट मोडलं. पंचांनी अनस्पोर्ट्समनलाइक (खिलाडूवृत्तीला सोडून केलेला) फाउल दिला आणि पाडणारा शेवटच्या मिनिटापर्यंत खेळला. ते बघून याच्या टीममधला एक जण धावत गेला, त्याला दोन्ही हातांनी ढकललं, तर बाहेर काढलं ते या ढकलणाऱ्यालाच. "पाडणारा आत आणि जाब विचारणारा बाहेर? एनबीएत, अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, तरी काय वेगळं आहे? तिथल्या ड्रेमंड ग्रीनने छातीवर पाय दिला तर एक सामना बंदी, गळा धरला तर पाच, तोंडावर फटका मारला तर बारा. हे कुठल्या काट्यावर मोजतात?" असं त्यांनी विचारलंय.

मी सांगलीचा. बावीस वर्षं शिट्टी वाजवतोय, त्याआधी गुडघा साथ देत होता तोवर खेळलो, आणि आजही सकाळी शाळेच्या पोरांना शिकवतो. म्हणजे पंचाला शिव्या देणारा, शिव्या खाणारा आणि पोरांना "पंचाशी बोलायचं नाही" म्हणून दटावणारा, अशा तिन्ही जागी उभा राहून झालंय.

तुमचा सामना मी पाहिलेला नाही, त्यामुळे त्या पंचांचं चुकलं की बरोबर होतं ते सांगणार नाही. धरलं ते खांद्याला की चेंडूवर जाता जाता हात निसटून खांद्यावर आला, तुमच्या मित्राचा पंजा उघडा होता की मूठ बंद, यावर निकाल फिरतो. पण तुमचा खरा सवाल मला वेगळा वाटतो. मला एवढं लागलं, मग त्याला एवढंच का? शिक्षा दुखापतीच्या मापाने मोजायची की कृतीच्या?

मीही एकदा दुखापतीच्या मापाने मोजली होती.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट, मिरजेच्या बाजूची एक स्पर्धा. रात्रीचा सामना, हॅलोजनचा उजेड, कोर्टच्या एका कोपऱ्यात अंधारच. रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून परत आलेला, चेंडू एका उंच पोराने घेतला, छातीशी धरला, कोपरं जेवढी बाहेर येतात तेवढी आली आणि तो वळला. मागून चिकटलेल्या मुलाचं नाक त्या कोपरावर. पांढऱ्या जर्सीवर रक्त असं उतरलं की बघवेना. विचार करायच्या आधीच माझ्या दोन्ही मुठी वर गेलेल्या, म्हणजे डिसक्वालिफाय. पोरगा म्हणाला, "सर, मी मुद्दाम नाय ओ मारलं, तोच आत घुसला." मी ऐकलं नाही. कोर्टबाहेर जाऊन तो वडिलांच्या स्कूटरवर बसून राहिला, सामना संपेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी मोबाइलवरचं चित्रण दाखवलं. कोपर त्याच्या अंगाच्या रेषेबाहेर गेलंच नव्हतं. प्रत्येक खेळाडूची स्वतःभोवतीची एक उभी जागा असते, नियमात तिला सिलिंडर म्हणतात. त्यात त्याला वळायचा, हात हलवायचा हक्क आहे. तोंड त्या जागेत आलं होतं, कोपर तोंडाकडे गेलं नव्हतं. रक्त आलं नसतं तर मी काय दिलं असतं? बहुतेक काहीच नाही, किंवा उलट त्या मागच्या मुलालाच पुशिंगचा फाउल.

आणि त्याच चित्रणात आधीच्या क्वार्टरमधला एक प्रसंग होता. बाहेरून शॉट मारून खाली येणाऱ्या एका मुलाच्या पायाखाली बचाव करणाऱ्याने पाऊल सरकवलं होतं. तो त्या पावलावर उतरला, लडखडला, सावरला. काही झालं नाही म्हणून मी साधा पर्सनल फाउल देऊन मोकळा झालो होतो. त्या सामन्यातली सगळ्यात घातक गोष्ट ती होती. घोटा गेला असता, एखाद्याचं वर्ष गेलं असतं. तिला मी सगळ्यात हलकी शिक्षा दिली आणि निष्पाप कोपराला सगळ्यात जड.

अगदी असाच प्रसंग २०१७ मध्ये एनबीएच्या पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत पहिल्याच सामन्यात झाला. शॉट मारून उतरणाऱ्या कवाय लेनर्डच्या पायाखाली झाझा पाचुलियाचं पाऊल आलं, घोटा मुरगळला आणि लेनर्ड त्या मालिकेत पुन्हा उतरलाच नाही. पुढच्या हंगामापासून अशा प्रसंगी पंचांना रिप्ले बघून फाउल फ्लॅग्रंटपर्यंत, म्हणजे तिथल्या जड फाउलपर्यंत, चढवता येऊ लागला. नियमाला निमित्त दुखापतीचं मिळालं खरं, पण आता तो फक्त उतरणाऱ्याला जागा दिली की नाही एवढं बघतो. घोटा मुरगळो न मुरगळो.

तेव्हापासून मी शिट्टी वाजल्यावर स्वतःला एकच विचारतो: त्या क्षणी या पोराकडे दुसरं काय करण्यासारखं होतं? तुमच्या प्रसंगात पाडणाऱ्याकडे बरंच होतं. पळत राहून बोर्डवर ब्लॉक करायला जाता आलं असतं. चेंडूच्या हातावर मारून साधा फाउल घेता आला असता. दोन गुण सोडून देता आले असते, दोन गुणांनी काय आभाळ कोसळत नाही. त्याने हवेत असलेल्या माणसाचा खांदा धरला. हवेतला माणूस स्वतःला सावरू शकत नाही, पाय टेकेपर्यंत तो दुसऱ्याच्या भरवशावर असतो. म्हणून हवेतल्या खेळाडूला लावलेला हात जमिनीवरच्या हातापेक्षा माझ्या हिशेबात नेहमी जड.

आता "एकच फाउल" याबद्दल. स्कोअरशीटवर साध्या फाउलला पी लिहितात, या फाउलला यू. तुम्हाला दोन फ्री थ्रो, वर चेंडूही तुमच्याच टीमला. आणि त्या मुलाला पुढे आणखी एक यू किंवा एक टेक्निकल (गैरवर्तनाचा फाउल) मिळाला असता तर सामन्यातून बाहेर. म्हणजे तो उरलेला सामना एका पायावर उभा राहून खेळत होता. चेंडू खेळायचा खरा प्रयत्न नाही, किंवा संपर्क गरजेपेक्षा जोराचा, किंवा समोर कुणी नसताना रिंगकडे निघालेल्याला मागून-बाजूने अडवलं, तर यू. तुम्ही सांगता तसंच घडलं असेल तर यू हा अगदी पुस्तकातला निर्णय आहे. डी, म्हणजे डिसक्वालिफाय, कधी? चेंडू सुटून गेल्यावरही ओढलं, हात मागे नेऊन मारलं, पडताना वरून दाबलं, किंवा पाडून वर डोळे वटारून उभा राहिला. यातलं काही होतं का, ते तुम्ही आठवून बघा. मनगट बाजूला ठेवून आठवा, अवघड आहे, पण तसंच आठवावं लागतं.

एनबीएचं गणितही याच धाग्याने जातं, शब्द वेगळे. संपर्क अनावश्यक असेल तर फ्लॅग्रंट एक. अनावश्यक आणि शिवाय बेसुमार असेल तर फ्लॅग्रंट दोन, आणि खेळाडू बाहेर. हात मागे नेला होता का, आदळल्यावर पुढेही रेटला का, खेळायचा प्रयत्न होता का, हे बघतात. खोटं कशाला बोलू, लागलं किती हेही बघतात. पण लागण्याची शक्यता किती होती हेही वेगळं मोजतात, आणि मला तेच मोलाचं वाटतं.

मग ग्रीनचे एक, पाच, बारा कसे? ते तीन वेगवेगळे गुन्हे म्हणून वाचू नका, एकाच माणसाचं वाढत गेलेलं खातं म्हणून वाचा. एप्रिल २०२३ मध्ये खाली पडलेल्या डोमांटस सबोनिसने त्याचा पाय धरला होता, ग्रीनने छातीवर पाय दिला. सामन्यातून बाहेर, वर प्लेऑफचा (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांचा) एक सामना बंदी. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्यांच्या झटापटीत शिरून रूडी गोबेअरचा गळा आवळला, पाच सामने. महिन्याभरात यूसुफ नुर्किचच्या तोंडावर फिरवलेला हात बसला. या वेळी आधी बेमुदत बंदी, ती शेवटी बारा सामन्यांवर थांबली. त्याचा इतिहास धरूनच शिक्षा दिली हे लीगने उघड सांगितलं होतं. शाळेत पहिल्यांदा काच फोडणाऱ्याला आणि तिसऱ्यांदा फोडणाऱ्याला हेडमास्तर सारखं बोलत नाहीत.

खातं कसं भरतं याचा सगळ्यात महागडा नमुनाही ग्रीनचाच. एनबीएत फ्लॅग्रंट एकचा एक गुण, दोनचे दोन. प्लेऑफमध्ये चार गुण झाले की एक सामना घरी. २०१६ च्या फायनलमध्ये चार सामन्यांनंतर त्याची टीम ३-१ ने पुढे होती. त्या चौथ्या सामन्यात समोरच्या टीमच्या लेब्रॉन जेम्सशी त्याची झटापट झाली, त्यात त्याने हात चालवला, सामन्यानंतर तो प्रकार फ्लॅग्रंट एक ठरवला गेला आणि आधीचे तीन धरून चार भरले. पाचवा सामना तो खेळू शकला नाही, टीम हरली, मग मालिकाही ४-३ ने गेली. लोक म्हणतात एवढ्याशा हाताला केवढी शिक्षा. ती त्या हाताची नव्हतीच, आधीच्या तीन गुणांची होती. पहाटे उठून मॅच बघणारी आमची पोरं यावर अजून भांडतात.

दुखापतीवर शिक्षा बेतली की काय होतं याचं जुनं उदाहरण ९ डिसेंबर १९७७ चं. एनबीएच्याच एका सामन्यात कर्मिट वॉशिंग्टनची झटापट चालली होती दुसऱ्याशीच. समोरच्या टीमचा रूडी टॉमजानोविच मागून धावत मिटवायला आला, वॉशिंग्टन वळला आणि ठोसा थेट तोंडावर बसला. चेहऱ्याची हाडं मोडली, जिवावर बेतलं. वॉशिंग्टनला साठ दिवसांची बंदी, त्यात २६ सामने गेले, शिवाय दहा हजार डॉलर दंड. त्या काळच्या मानाने प्रचंड. मला नेहमी वाटतं, तोच ठोसा चार बोटं हुकला असता तर? बहुधा दोघांना दोन-चार शब्द सुनावून विषय मिटला असता. ठोसा तोच असता ना?

इथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवतो, कारण पालक हमखास ती मिसळतात. शिक्षा वेगळी आणि भरपाई वेगळी. तुमच्या मनगटाचा एक्स-रे, प्लास्टर, बुडालेली प्रॅक्टिकल्स, हे सगळं खरं आहे आणि त्याचं कुणीतरी बघायला हवं. आयोजकांनी, कॉलेजने, आणि माणुसकी म्हणून त्या मुलाने घरी येऊन विचारपूस करायला हवी. पण ते देणं त्याला तीन सामने बसवून फिटत नाही. सिमेंटच्या कोर्टवर स्पर्धा भरवायची तर निदान रिंगच्या खांबाला गादी बांधा, असं मी दरवर्षी सांगतो. दरवर्षी एखादी जुनी फाटकी गादी नायलॉनच्या दोरीने बांधलेली मिळते, कापूस बाहेर आलेली. ती तरी बांधतात.

आता तुमच्या मित्राकडे येतो. सगळ्यात जास्त राग तिथेच आहे, हे कळतं. शिट्टीवाल्या सगळ्यांचा अनुभव एकच: पहिला हात दिसत नाही, दुसरा दिसतो. शिट्टी वाजली की तिन्ही पंचांची, स्कोअर लिहिणाऱ्या टेबलची, प्रेक्षकांची नजर एकाच जागी येते, आणि त्या उजेडात जो हात उचलतो तो सगळ्यांना दिसतो. शिवाय खेळ थांबल्यावर केलेल्या संपर्काला खेळाची सबबच उरत नाही. पाडणारा निदान म्हणू शकतो की मी ब्लॉकला गेलो होतो. ढकलणारा काय म्हणणार? म्हणून बदला घेणाऱ्याला जास्त लागतं ते बऱ्याचदा बरोबरच असतं, कितीही झोंबलं तरी. मारामारी खरी वाढते ती दुसऱ्या हाताने. १९ नोव्हेंबर २००४ ला डेट्रॉइटजवळच्या मैदानात एनबीएच्या सामन्यात नेमकं हेच झालं. सामना संपायला ४५.९ सेकंद, निकाल लागलेला. रॉन आर्टेस्टने समोरच्या टीमच्या बेन वॉलेसला गरज नसताना जोराचा फाउल केला. वॉलेसने त्याला ढकललं. मग गर्दी, मग प्रेक्षकातून पेयाचा ग्लास आला आणि आर्टेस्ट सरळ स्टँडमध्ये शिरला. त्याला हंगामाचे उरलेले सगळे सामने, प्लेऑफ धरून ८६. वॉलेसला सहा. आर्टेस्टच्या टीमच्या जर्मेन ओनीलला पंचवीस दिले होते, लवादाने ते पंधरावर आणले.

ते लवादाचं लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे दुखणं नेमकं तिथे आहे. एनबीएत पंच जो निर्णय देतो तो पहिला असतो. फ्लॅग्रंट दिला की लीगचं कार्यालय तो पुन्हा बघतं, चढवतं, उतरवतं, सामने ठरवतं, आणि त्यावरही खेळाडूंची संघटना दाद मागू शकते. शिवाय बंदीच्या सामन्यांचा पगार जातो, त्यामुळे झळ थेट खिशाला. आपल्या जिल्ह्यात सामना संपला, स्कोअरशीट फाइलला लागलं, न्याय संपला. खरं तर कडक शिक्षा व्हायला हवी होती पण पंचाच्या कोनातून दिसलं नाही, यावर इलाज नाही. मग सगळी अपेक्षा त्या एका शिट्टीवर येऊन पडते, आणि पंच एकतर घाबरून हलकं देतो किंवा माझ्यासारखं रक्त बघून जड.

यावर मी गेली काही वर्षं आयोजकांकडून एक पान लिहून घेतो. डी मिळाला तर पुढचा सामना आपोआप बाहेर. एका स्पर्धेत दोन यू झाले तर एक सामना बसायचं. दोन्ही टीमशी संबंध नसलेले तिघे जण त्याच संध्याकाळी बसतील, कुणाच्याही मोबाइलवरचं चित्रण बघतील, आणि पंचाने न दिलेला प्रकारही त्यांना पुढच्या सामन्यांपुरता धरता येईल. झालेल्या सामन्याचा निकाल मात्र बदलणार नाही. हे पान टॉसच्या वेळी कॅप्टनच्या हातात द्यायचं. सुरुवातीला लोक हसले, "सर, ही काय ऑलिम्पिक आहे का?" आता मागून घेतात. तुमच्या स्पर्धेत असं पान असतं तर पाडणाऱ्याचं प्रकरण त्या संध्याकाळी तिघांसमोर गेलं असतं. कॅप्टनला निषेध नोंदवायला स्कोअरशीटवर सहीची जागा असते, पण फाउल कुठला हा पंचाच्या नजरेचा निर्णय. तो निषेधाने उलटत नाही, तेव्हा तुमच्या कॅप्टनने सही केली नसेल तर त्याला दोष देऊ नका.

हे सगळं लिहिताना तालमीत वाढलेले आमचे एक काका आठवले. पहिल्यांदा मॅच बघायला आले तेव्हा म्हणाले, "हात लावला की शिट्टी, हा कसला खेळ रे?" त्यांना काय सांगणार, हा खेळ जन्मला तोच धसमुसळेपणाला कंटाळून. हा खेळ शोधणाऱ्या नेस्मिथने लिहिलेले तेरा नियम १८९२ च्या जानेवारीत छापले गेले, त्यातला पाचवा नेमका हाच: खांदा मारायचा नाही, धरायचं नाही, ढकलायचं नाही, पाय घालायचा नाही, मारायचं नाही. पहिल्यांदा केलं तर फाउल, दुसऱ्यांदा केलं तर पुढचा गोल होईपर्यंत बाहेर. आणि इजा करायचा हेतू उघड दिसला तर पूर्ण सामना बाहेर, बदली खेळाडूही नाही. हेतू आणि इजा तेव्हापासून वेगवेगळ्या ठेवल्यात, आणि इजा झालीच पाहिजे असं त्यात म्हटलेलंच नाही.

राहता राहिला एक मुद्दा. मित्र "धावत गेला" असं तुम्ही लिहिलंय, कुठून ते लिहिलेलं नाही. कोर्टवरच्या पाचांतला असेल आणि उघड्या पंजाने एकदाच ढकललं असेल, तर मी बहुधा त्याला बाहेर काढलं नसतं. टेक्निकल किंवा यू देऊन बेंचवर बसवायला सांगितलं असतं. पण बेंचवरून उठून आला असेल तर गोष्ट वेगळी. २००७ च्या एनबीए प्लेऑफमध्ये रॉबर्ट हॉरीने स्टीव्ह नॅशला कंबर मारून टेबलवर आपटलं, तेव्हा नॅशच्या टीमचे अमारे स्टूडमायर आणि बोरिस डियाव नुसते बेंच सोडून काही पावलं पुढे आले. कुणाला हातही लावला नाही. हॉरीला दोन सामने, या दोघांना एकेक. ज्यांचा माणूस आपटला त्यांचेच दोन खेळाडू पुढच्या सामन्याला नव्हते, तो सामना तीन गुणांनी हरले, मग मालिकाही गेली. नियम क्रूर वाटतो, मलाही त्या दिवशी वाटला. पण दोन्ही बेंच एकदम कोर्टवर आलेले मी एकदा पाहिलेत, तेव्हा आम्ही पंच कुणाला धरावं ते कळेना म्हणून नुसते शिट्ट्या फुंकत उभे होतो. तेव्हा मित्र पाचांत होता की बेंचवर, आणि डीच्या मागे पंचांनी स्कोअरशीटच्या पाठीवर काय लिहिलंय, एवढं बघून कळवा. मग त्याच्यासाठी आयोजकांना अर्ज करायचा की नाही, ते सांगतो.